भरल्या टाकीची होडी

"काका, टाकी ओतून टाका. पावसाळाभर भरलेली ठेवलीत तर इंजिनाची वाट लागेल, सांगून ठेवतोय."

"तुना इंजीन कोनी शिकवला रं? तुज्या बापसाची वरात माज्या होरीन आलती. आन तू मना शिकवतंस?"

मे महिना सरत आला होता. मनोरीच्या किनाऱ्यावर आम्ही आळीतली माणसं कुंडलिकदादाची होडी वर ओढत होतो आणि ओढता ओढताच हे भांडण चाललं होतं. वाळू अशी तापलेली की चपलेतून चटके बसत होते. अंगाला खारट चिकटा आणि वारा पार मेलेला. दर वर्षी पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या माडांखाली ओढायच्या, ताडपत्रीने झाकायच्या आणि नारळी पुनवेची वाट बघत बसायचं. कुंडलिकदादा माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. साठी उलटलेला, उन्हात रापून काळा झालेला आणि हट्टाला असा पक्का की एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. त्याच्याशी भांडत होता तो चैतन्य, त्याच्या चुलतभावाचा मुलगा. खाडीपलीकडे मार्व्याला त्याचं गॅरेज आहे. मोटरसायकली दुरुस्त करतो आणि आमच्या छोट्या होड्यांची पेट्रोलवरची इंजिनंही करतो.

आता ही टाकी भरून ठेवायची काय भानगड, ते सांगायला हवं. कुंडलिकदादाचा बाप शिडाच्या होडीवर जायचा. पावसाळ्याआधी होडी वर ओढली की तो तिच्यात मूठभर तांदूळ ठेवायचा. जिने वर्षभर आपलं पोट भरलं तिला उपाशी झाकायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे इंजिनं आली आणि तांदळाच्या जागी पेट्रोल आलं. टाकी काठोकाठ भरायची, वर कुंकवाचं बोट लावायचं, मग ताडपत्री ओढायची. आमच्या आळीत सगळेच असं करत आणि ते खुळ्यासारखंही नव्हतं. टाक्या पत्र्याच्या होत्या तेव्हा रिकामी टाकी आतून गंजायची, भरलेली गंजत नसे. जुन्या माणसांच्या रीतीत अक्कल असतेच, फक्त ती कुठल्या दिवसांतली आहे ते बघावं लागतं. कुंडलिकदादा ते बघणारा नव्हता.

"तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं, काका," चैतन्य कपाळावरचा घाम निपटत म्हणाला. "आता त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. उसाच्या मळीचं, मक्याचं. गाडीत रोज भरलं, रोज जळलं, काय होत नाय. पण तुमची होडी बसून राहणार. हे इथेनॉल ना, पाणी ओढतं. झाकणातून दमट हवा आत जाणार, हे पीत बसणार. पोट फुगलं की पेट्रोलपासून फुटून पाण्यासकट तळाला जाणार. आणि तुमची नळी कुठून ओढते? तळातनंच ना?"

"मलीचा म्हंजे?" दोर धरलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं. "म्हंजे दारूच ना रं?"

"तसंच समजा. पिण्यातली नाय, पण जात तीच."

झालं! एवढं ऐकून सगळे दोर सोडून हसायला लागले. पलीकडे नंदकुमार आपल्या मोठ्या डिझेलच्या होडीला रंग देत होता, तोही ब्रश हातात घेऊन आला. म्हणाला, "आमच्या डिझेलान पन भज्यांचा तेल घालनार म्हनतान. माजी होरी गेली का मागनं वरापावचा वास येल!" पुन्हा हशा पिकला.

कुंडलिकदादा मात्र हसला नाही. त्याचा थोरला भाऊ पिऊन होडीवर गेला होता आणि गोराईच्या समोर पाण्यात पडून मेला. तेव्हापासून कुंडलिकदादाने थेंब तोंडाला लावला नाही. तेवढ्यावरच थांबला नाही, शिमग्यालासुद्धा बाटली घेतलेला माणूस तो होडीत चढू देत नसे. कोळीवाड्यात राहून हे पाळायचं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहण्यासारखं, पण त्याने पाळलं होतं.

"माज्या होरीन दारू चरली नाय आन चरनार पन नाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "पेट्रोलान दारू घालतान म्हनं. मना येरा समजतंस?"

"अहो काका, पंपावर आता दुसरं मिळतच नाय. तुम्ही आणलेलं तेच आहे."

"जा तू. तुज्या गाऱ्या बग."

त्याची बायको प्रेमावैनी आमच्यासाठी कोकमाचं सरबत घेऊन आली होती. तिचं माहेर माहुल. तिथे कोळीवाड्याला लागून तेलाचे मोठमोठे कारखाने, लहानपणापासून ती त्याच वासात वाढली. पेट्रोलच्या कॅनच्या तोंडाशी नाक नेऊन ती म्हणाली, "वास निराला येतंय खरा. पोर सांगतंय तं ऐका ना."

"तू गप. तुजा काय काम हितं?"

ती गप्प बसली. गप्प बसायची तिला सवय होती. पहाटे ससून डॉकला जाऊन मासळी आणायची, टोपली घेऊन बोरिवलीच्या बाजारात बसायचं, परत येऊन स्वयंपाक आणि वर नवऱ्याचं "तू गप". तिने रिकामे पेले गोळा केले आणि गेली. टाकी काठोकाठ भरली, कुंकू लागलं, होडी झाकली गेली.

आता खुंटाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

आमच्याकडे डोलीची मासेमारी चालते. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात मोठाले लाकडी खुंट रोवलेले असतात, त्यांना डोलीचं तोंड बांधायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत येते. कुठला खुंट कोणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण जमातीचे नेम आहेत. एक, ज्याचा खुंट त्याने स्वतः होडीवर गेलं पाहिजे, दुसऱ्याला चालवायला द्यायचा नाही. दोन, लागोपाठ दोन मोसम खुंट रिकामा राहिला तर तो मागणाऱ्याला द्यायचा. नारळी पुनवेनंतरचं पहिलं उधाण ओसरायच्या आत मालकाने आपल्या होडीने जायचं आणि आपल्या हाताने दोर बांधायचा. शेवटची ओहोटी संपून भरती लागली की हक्क गेला.

कुंडलिकदादाचा खुंट गेल्या वर्षी रिकामा राहिला. ऐन मोसमाच्या तोंडावर जेटीच्या शेवाळावरून घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. मुलगा निलेश अंधेरीला एका गोदामात कामाला, त्याला दर्याचं वेड नाही आणि वेळही नाही. खुंट वर्षभर तसाच उभा राहिला. त्यावर नंदकुमारने जमातीकडे मागणी घातली. नंदकुमार वाईट माणूस नाही. तीन भावांचं घर एका डोलीवर चालवतो, मागणं त्याचं रास्तच होतं. मी त्याच्याच होडीवर खलाशी आहे, म्हणून म्हणत नाही.

पण कुंडलिकदादाला त्या खुंटावाचून काय होतं? रोज संध्याकाळी तो किनाऱ्यावर बसायचा, तोंड पश्चिमेला. पावसाने समोरचं काही दिसत नसलं तरी तो तिकडेच बघायचा. एकदा मी छत्री घेऊन गेलो, तर मला म्हणाला, "बापसानं रोवलाय तो. मी हाताखाली होतू. नंदूनं मागितला तं माजा काय म्हनना नाय. पन मी जिता हाय तवर मना दर्यान जागा नको?" मी छत्री मिटली. आम्ही दोघे भिजत बसलो.

पुनवेच्या आदल्या दिवशी चैतन्य इंजिन साफ करायला आला. राग धरून बसणाऱ्यातला तो नाही. प्लग बदलला, स्वतःच्या बाटलीतलं ताजं पेट्रोल नळीला जोडलं आणि दोरी ओढली. इंजिन झकास सुरू झालं.

"बगला?" कुंडलिकदादा म्हणाला. "दोन महिने बसला तरी काय झाला त्याला?"

"हे माझ्या बाटलीवर चाललंय, काका. तुमच्या टाकीवर नाय. ती ओता आणि नवीन भरा. पाया पडतो."

"होरीच्या तोंडचा घास कारून घेऊ? सनाच्या तोंडावर?"

शेवटी चैतन्यने हात जोडले आणि फेरीबोटीने गेला. कुंडलिकदादाने आपल्या मनाचं थोडं समाधान म्हणून जुन्या पेट्रोलवरच चार-पाच लिटर ताजं ओतलं. वरून पाहिलं तर स्वच्छ दिसलं. वरून सगळंच स्वच्छ दिसतं.

पुनव झाली, दर्याला नारळ दिला आणि वाऱ्याने तोंड फिरवलं. सगळं उधाण अशा वाऱ्यात गेलं की कोणी होडी लोटायचं नाव काढेना. वारा पडला तो अगदी शेवटच्या दिवशी. सकाळी जमातीचे बाळ पाटील नंदकुमारच्या होडीत येऊन बसले. कुंडलिकदादाने वेळेत दोर बांधला तर त्याचे साक्षी, नाही बांधला तर नंदकुमारचे. ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. म्हणाले, "मना चांगला नाय वाटत हा. पन नेम म्हंजे नेम."

कुंडलिकदादाचा नेहमीचा खलाशी दुसऱ्या होडीवर गेला होता. निलेशला सुट्टी नाही. उरली कोण? प्रेमावैनी. आमच्यात बाप्याने दर्या करायचा आणि बाईने बाजार, ही वाटणी कोणी मोडत नाही. पण तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, टोपली दारात पालथी घातली आणि होडीत चढून बसली. कुंडलिकदादाला ते मुळीच आवडलं नाही. पण एका हाताने इंजिन धरायचं की जाळं सोडायचं? तो इंजिनाकडे सरकला.

खाडीच्या तोंडापर्यंत इंजिन चैतन्य मागे ठेवून गेलेल्या बाटलीतल्या पेट्रोलवर चाललं. ते संपल्यावर नळी टाकीला जोडली. आम्ही पुढे खुंटांपाशी जाऊन थांबलो होतो. लांबून त्यांच्या इंजिनाचा आवाज येत होता. तो अडखळला, खोकला आणि बंद पडला.

होडीत काय झालं ते प्रेमावैनीने नंतर मला सांगितलं. कुंडलिकदादाने डाव्या हाताने दोरी ओढली, परत ओढली, ओढतच राहिला. इंजिन नुसतं धापा टाकायचं. मग तिने टाकीतलं तळाचं थोडं प्लास्टिकच्या बाटलीत काढलं आणि उन्हाकडे धरलं. वर पेट्रोल, आणि खाली तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी. मध्ये रेघ मारल्यासारखे दोन थर.

"बगा," ती म्हणाली. "पोर सांगत होता तोच झाला."

कुंडलिकदादाने बाटली नाकाशी नेली. वास घेतला. आणि बाटली तशीच हातात धरून खाली बसला. भाऊ गेला तेव्हापासून जपलेली होडी, आणि त्याने स्वतःच्या हाताने, कुंकू लावून, ती दारूने भरून ठेवली होती. वैनी म्हणाली, त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बसून राहिला. तिने वरवरचं पेट्रोल काढून इंजिनाला देऊन पाहिलं, पण आत आधीच पाणी गेलं होतं. इंजिन हूं की चूं करेना.

ओहोटी त्यांना बाहेर नेत होती, पण तिरकी, खुंटाच्या दक्षिणेला. नंदकुमारने होडी वळवली आणि त्यांच्या जवळ नेली. मी दोराचं भेंडोळं उचललं.

"दोर टाकू काय, काका?" नंदकुमार ओरडला.

"टाक," बाळ पाटील माझ्या बाजूला बसून नंदकुमारला हळूच म्हणाले, "पन दुसऱ्याच्या दोरानं खेचून आनला तं ती आपली होरी नाय झाली. मंग खुंट तुजा."

नंदकुमारचा चेहरा उतरला. त्याने तेच ओरडून सांगितलं, लपवलं नाही. कुंडलिकदादाने मान हलवली. नको. आणि उजवा हात वल्ह्याला घातला. हात कोपरापर्यंत उठला आणि गळून पडला. मी बघू शकलो नाही. एके काळी ज्याच्या वल्ह्यावर आम्ही पैज लावायचो, त्या माणसाला वल्हं उचलेना.

"सरा तिकरं," प्रेमावैनीचा आवाज आला.

होडीत वल्हं एकच होतं. दुसरं, इंजिन आल्यापासून, त्यांच्या अंगणात कपड्यांच्या दोरीला आधार म्हणून उभं होतं. वैनीने वल्हं घेतलं. कुंडलिकदादाने मागची बसायची फळी उचकटली आणि डाव्या हाताने तिचं सुकाणू धरलं. माहुलच्या खाडीत पोरी छोट्या होडीने कालवं काढायला जातात, ती तिथली. पण त्याला किती वर्षं झाली! लग्नानंतर तिच्या हाती वल्हं आलंच नव्हतं.

ती वल्हवत होती ते बघायला सोपं नव्हतं. जोर काढायला ती उभी राहायची, लाटेने बसायची, परत उभी राहायची. पावसाळ्यानंतरचं पाणी चिखलाच्या रंगाचं असतं, त्यात वल्हं जड जातं. कुंडलिकदादा मागून सांगत होता, "दावीकरं... आता सोर... घे, घे." पहिल्यांदा तो ओरडून सांगत होता. मग आवाज खाली आला. शेवटी शेवटी तर तो म्हणत होता, "दमलीस काय गो? जरा थांब."

"थांबून काय होल?" ती धापा टाकत म्हणाली. "पानी थांबतंय काय?"

आम्ही इंजिन बंद करून बाजूला थांबलो. करण्यासारखं काही नव्हतं. नंदकुमार सारखा पाण्याकडे बघत होता आणि त्याला नक्की काय हवंय हे त्यालाही कळत नव्हतं. बाळ पाटील खुंटाच्या टोकाशी घुटमळणाऱ्या फेसाकडे बघत होते. ओढ मंदावत चालली होती. आता पाणी स्थिर होणार आणि मग उलटं फिरणार.

ते खुंटाशी पोचले तेव्हा फेस जागच्या जागी गोल फिरत होता. कुंडलिकदादाने डाव्या हाताने दोर घेतला आणि वाकला. खुंटाचं टोक पाण्याच्या जरा वर, त्याभोवती दोर टाकायचा तर दोन्ही हात लागतात. एका हाताने त्याने फेकून पाहिला, निसटला. परत फेकला, परत निसटला. होडी लाटेने मागे सरकली. तेव्हा वैनी वल्हं टाकून पुढे आली, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पालथी झोपली आणि कमरेपर्यंत बाहेर गेली. कुंडलिकदादाने तिचा काष्टा चांगल्या हाताने गच्च धरला. तिने खुंटाला मिठी मारली, शिंपल्यांनी हात फाटले, दोर दोनदा फिरवला आणि गाठ मारली. नंतर फेस हळूहळू जमिनीकडे सरकायला लागला. भरती लागली.

मग नंदकुमार म्हणाला, "बांधला."

"बांधला," बाळ पाटील म्हणाले. "पन बांधला कोनी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळामागच्या शेडमध्ये जमात बसली. उकाडा असा की पंखा लावून नुसता गरम वारा अंगावर येत होता. कुंडलिकदादा कोपऱ्यात बसला होता, खांद्याला गरम कपडा गुंडाळून. वैनी नव्हती, ती मासळी घेऊन बोरिवलीला गेली होती. आदल्या दिवशीच्या कामाची सुट्टी तिला कोण देणार?

"आपली होरी होती, वेलेत होती," एकजण म्हणाला. "खुंट कुंडलिकचा."

"हात पन आपला पायजे. नेमान हाय."

"बायकोचा हात आपलाच ना?"

"मंग उद्या कोनी बी बायकोला पाठवेल, जावयाला पाठवेल. नेम रायला कुठं?"

"बाईचा हात हिशोबान धरतच नाय. बाई कवा दर्यान गेली? म्हंजे बांधलाच नाय, असा झाला. खुंट नंदूचा."

यावर कालवा झाला. नंदकुमार उठून म्हणाला, "मना असा नको. मी डोल्यांनी बगलाय. बांधलाच नाय असा कसा म्हनू? माज्या पोरांना उद्या काय तोंड दाखवू?" तो खाली बसला तेव्हा मला बरं वाटलं. मालक म्हणून नाही, माणूस म्हणून.

बाळ पाटलांनी तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाले, "बाई धरत नाय असा नेमान कुठं हाय? कोनी सांगितला नाय, कारन बाई कवा गेलीच नाय. नेम काय सांगतंय? ज्याच्या हातानं दोर, त्याचा खुंट. दोर प्रेमानं बांधला. म्हंजे खुंट कुंडलिकचा नाय, नंदूचा पन नाय. खुंट प्रेमाचा."

कुंडलिकदादाने डोकं वर केलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. बापाने रोवलेला खुंट घरात राहिला होता आणि त्याच्या हातून गेलाही होता. त्याने मान डोलावली. "बराबर हाय," म्हणाला.

"आन ज्याचा खुंट त्यानं सोता होरीवर जायाचा," पाटील पुढे म्हणाले. "तो नेम पन लागतंय. कुंडलिक एकटा गेला तं चालनार नाय."

तेवढ्यात वैनी आली. टोपली डोक्यावरच होती, तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. बायकांनी तिला बाहेरच अडवून सांगितलं असावं, कारण ती दारात उभी राहिली आणि सगळ्यांकडे बघत राहिली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मनोरीत खुंटाची मालकीण आजवर झाली नव्हती. म्हातारे हसले, बायका खिडकीतून बघायला लागल्या, एक पोरगी फोनवर फोटो काढायला पुढे आली.

वैनीने टोपली उतरवली.

"म्हंजे ओहोटी लागली का दर्यान मी जायाचा," ती बोटं मोडत म्हणाली. "ती मासली बाजारान मी न्यायाची. घरी येऊन रांधायचा मी. हा मान दिलाव काय मना, पाटील?"

पाटील तपकिरीची डबी चाचपायला लागले. बाईला आमच्यात काही द्यायचं म्हटलं तर काम सोडून दुसरं द्यायला आमच्यापाशी काही असतं का, असं मला त्या वेळी वाटलं आणि लाजही वाटली. तिने खुंट नको म्हटलं असतं तर तो तिथल्या तिथे नंदकुमारला गेला असता. ती नवऱ्याकडे बघत होती. तो जमिनीकडे बघत होता.

"घेतंय," ती म्हणाली. "दुसरा काय करू?"

कुंडलिकदादा उठला. वाकून त्याने तिची टोपली डाव्या काखेत घेतली. ओली टोपली, तिचं पाणी त्याच्या सदऱ्यावर गळत होतं. "बाजार मी करीन," तो म्हणाला.

आता मात्र शेड हसून हसून पडली. कोळ्याचा बाप्या टोपली घेऊन बाजारात बसणार! त्या बोरिवलीच्या कोळणी त्याला कच्चा खातील, कोणी म्हणालं. तो हसला नाही आणि टोपलीही खाली ठेवली नाही.

चैतन्यने इंजिन उघडून साफ केलं, टाकी ओतली, तळ पुसून घेतला. कुंडलिकदादा शेजारी बसून सगळं बघत होता. मग मोसम सुरू झाला. वैनी आणि नंदकुमारचा धाकटा भाऊ होडीवर जायला लागले. नंदकुमारनेच त्याला धाडला होता. कुंडलिकदादा पहिल्या फेरीबोटीने टोपली घेऊन बोरिवलीला. पहिल्या दिवशी त्याची मांदेली, बोंबील निम्मे परत आले. त्याला भाव सांगायची लाज वाटायची आणि घासाघीस करणाऱ्या बाईला तो "नाय" म्हणून तोंड फिरवायचा. बाजूच्या कोळणींनी आधी त्याची चेष्टा केली, मग दया आली म्हणून गिऱ्हाईक वळवून दिलं.

त्या पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. मी कामावरून येत होतो. दोघे ओट्यावर बसले होते. वैनीचे पाय सुजलेले, हात मांडीवर उलटे टाकलेले. ती दोन ओहोट्या करून आली होती. कुंडलिकदादाची मान टोपलीच्या ओझ्याने आखडली होती. घरात दिवा लावलेला नव्हता. आत निलेशचा फोन वाजत होता, तो कधीचा आला होता आणि जेवायचं काय म्हणून विचारायला एकदा बाहेर डोकावून गेला.

"काय गो," कुंडलिकदादा म्हणाला.

"काय वो," ती म्हणाली.

एवढंच बोलून दोघे पुन्हा समोर बघत बसले. त्यांच्यात राग नव्हता. नुसता शीण होता, इतका की कुणाला उठावंसं वाटत नव्हतं. माझ्या बायकोने आतून दोन भाकऱ्या आणि वाटीभर कालवण नेऊन त्यांच्यामध्ये ठेवलं, तेव्हा कुठे ते हलले. खुंट कोणाचा याचा निवाडा जमातीने केला होता. पण त्या घरात गॅस कोणी पेटवायचा, त्याचा निवाडा अजून कोणीच केला नव्हता.